फी, दाखला आणि आपले घर
(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



संत नामदेवमहाराजांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने आपण दरवर्षी एकत्र जमतो, उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना शाल-श्रीफळ देतो आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवून घरोघर परततो. या समारंभात बोलण्याचा मान कार्यकारी मंडळाने यंदा मला दिला, त्याबद्दल मी ऋणी आहे. मी विद्वान नाही. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी ३३ वर्षे नोकरी केली आणि त्यांतील बहुतेक वर्षे माझे टेबल शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी होते. त्या खिडकीच्या आतून जे पाहिले आणि तिथे येण्यापूर्वी विद्यार्थी म्हणून बाहेर उभे राहून जे भोगले, त्यापलीकडे सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. म्हणून विषयही तोच घेतला आहे : गरजू विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी सरकारकडून जे साहाय्य मिळते ते आपल्या घरांपर्यंत का पोचत नाही, आणि ते पोचावे म्हणून आपण काय करावे.

आरंभी माझ्या वडिलांची एक आठवण सांगतो. आमचे शिवणकामाचे दुकान तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या टोकाला होते. दुकान म्हणजे एक ओटा, त्यावर एक पायाचे मशीन आणि भिंतीला टांगलेला आरसा. मी अकरावी उत्तीर्ण झालो आणि महाविद्यालयात नाव घातले, तेव्हा तेथील एका प्राध्यापकांनी मला ई.बी.सी. सवलतीचा छापील फॉर्म दिला. आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या घरांतील मुलांना जातिधर्म न पाहता फी माफ करावी, अशी ती योजना होती. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या सुमारास, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ती बहुजन समाजात पोचली. आरंभीच्या काळात वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना तिचा लाभ मिळे. पुढे ही मर्यादा वाढत गेली. फॉर्मला उत्पन्नाचा दाखला जोडावयाचा होता. मी वडिलांना तसे सांगितले. त्यांनी मशीनचे पायडल थांबविले आणि म्हणाले, "गरीब असल्याचा दाखला मागायला मी तलाठ्याच्या दारात उभा राहू?"

या प्रश्नातील गंमत अशी, की त्याच तलाठ्यांचे दोन सदरे आणि एक विजार वडिलांनी शिवून दिली होती आणि त्यांची शिलाई सहा महिने थकली होती. ती मागायला वडील त्यांच्या दारात जात नव्हते, कारण गिऱ्हाईक तुटेल. आणि दाखला मागायलाही जात नव्हते, कारण अब्रू जाईल. शेवटी आई गेली. दाखला मिळाला. शिलाई मात्र कधीच मिळाली नाही. त्या एका कागदावर मी चार वर्षे शिकलो.

वडिलांचा तो संकोच मला त्या वेळी वेडगळ वाटला होता. पुढे खिडकीच्या आत बसल्यावर ध्यानात आले, की हा संकोच एकट्या माझ्या वडिलांचा नव्हता. सरकारकडून घ्यावयाचे म्हणजे भीक घ्यावयाची, अशी एक समजूत कष्टकरी माणसांत खोल रुजलेली आहे. आणि ज्यांना ती शिवलेली नाही, अशी माणसे आजवर निःसंकोचपणे घेत आली आहेत. म्हणून इतिहासाकडे थोडे मागे वळून पाहणे अवश्य आहे.

राज्याच्या तिजोरीतून विद्येला द्रव्य देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत पुण्यास दरसाल दक्षिणा वाटली जाई आणि ती एकाच वर्णाला मिळे, हे सर्वांस ठाऊक आहे. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने तो निधी एकदम बंद केला नाही. १८२१ साली पुण्यास जी संस्कृत पाठशाळा निघाली तिचा संबंध त्याच खर्चाशी होता आणि पुढे त्यातूनच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दक्षिणा फेलोशिप मिळू लागली. न्यायमूर्ती रानडे हे असे दक्षिणा फेलो होते. त्यांच्यासारख्या पुरुषाला सार्वजनिक निधीचा आधार घेताना कमीपणा वाटला नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते.

याच निधीविषयी आणि एकूण शिक्षणखर्चाविषयी खडा सवाल महात्मा फुल्यांनी विचारला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारचा वसूल शेतात राबणाऱ्या रयतेकडून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. बंधुहो, माझ्या मते या प्रश्नाचे सारे मर्म येथे आहे. शिष्यवृत्तीची रक्कम आकाशातून पडत नाही. आपण दोऱ्याचे रीळ घेतो, मशीनचे तेल घेतो, मुलीसाठी वही घेतो, त्या प्रत्येक व्यवहारात कुठे ना कुठे कर भरलेला असतो. त्यातील काही भाग आपल्याच मुलाच्या फीच्या रूपाने परत आला तर त्याला दान म्हणू नये.

शाहू छत्रपतींचे नाव आज राज्य सरकारच्या शिक्षणशुल्क योजनेला दिलेले आहे, ते केवळ शोभेसाठी नव्हे. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, ही गोष्ट सर्वांच्या तोंडी असते. परंतु त्याच्या आदल्या वर्षीपासून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिचा विचार आपण पुरेसा करीत नाही. फी माफ करून भागत नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला रात्री डोके टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न लागते, हे त्या राजाने ओळखले. एकेका समाजाला जागा आणि अनुदान देऊन, चालविण्याची जबाबदारी मात्र त्या समाजावर टाकून, त्यांनी बोर्डिंगे काढविली. त्या मालिकेत आपले नामदेव बोर्डिंगही होते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच सुईदोऱ्यावर जगणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन, सरकारी साहाय्याला स्वतःची पदरमोड जोडून, परगावच्या मुलांची सोय केली. आज आपण त्यांच्याहून खचितच अधिक संपन्न आहोत.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे उदाहरण तर जगाला ठाऊक आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना त्यांनी दरमहा २५ रुपये दिले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या साडेअकरा पौंडांतून पुढे या देशाला काय लाभले, ते मी आपणांस सांगावे असे नाही. मला सांगावयाचे ते वेगळे आहे. हेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्र सरकारची योजना सुरू झाली. एका राजाच्या मर्जीने एका विद्यार्थ्याला जे मिळाले होते, ते आता नियमाने, अर्ज करणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना मिळू लागले. मर्जी गेली आणि नियम आला. नियमाबरोबर अर्थातच फॉर्म आला, दाखला आला, शिक्का आला आणि माझ्यासारखा खिडकीतला कारकूनही आला.

आता त्या खिडकीविषयी. येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. आजवर ती मी जाहीरपणे दिलेली नाही.

१९९३ सालची गोष्ट. फॉर्म स्वीकारण्याचा शेवटचा दिवस होता आणि रांग व्हरांड्याच्या पायरीपर्यंत गेली होती. एका मुलाच्या फॉर्मला जोडलेला उत्पन्नाचा दाखला आदल्या वर्षीचा होता. मी तो फॉर्म परत केला. नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते. परंतु नियमाप्रमाणेच मला आणखी एक गोष्ट करता आली असती : फॉर्म दाखल करून घ्यावयाचा, त्यावर 'दाखला अपूर्ण' असा शेरा मारावयाचा आणि पूर्ततेसाठी आठ दिवस द्यावयाचे. तशी मुभा आम्हांला असे आणि ओळखीच्या मुलांसाठी ती आम्ही वापरीतही असू. त्या दिवशी मी थकलेलो होतो. मुलगा ओळखीचा नव्हता. आणि काय करावे हे त्याने विचारले नाही. तो फॉर्म घेऊन निघून गेला. दुसऱ्या सत्रात पटावर त्याचे नाव नव्हते.

बारा-तेरा वर्षांनी मी एका तयार कपड्यांच्या दुकानी सदऱ्यासाठी गेलो. मला मापाचा सदरा मिळेना, म्हणून दुकानदाराने आतून कटिंग करणाऱ्या माणसाला बोलाविले. गळ्यातील टेप काढून त्याने माझ्या खांद्याचे माप घेतले, छातीचे घेतले आणि बाहीचे घेताना माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, अजून त्याच खिडकीत बसता का?" मी हो म्हणालो. त्याने माप लिहून घेतले. त्याच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. तो आपल्या ज्ञातीचा होता की नव्हता, हे मी विचारले नाही. सदरा मात्र त्याने उत्तम शिवला होता.

शिवणकाम हलके आहे असे मी म्हणत नाही. माझ्या बापाने त्यावरच आम्हां पाच भावंडांना वाढविले. परंतु त्या मुलाने काय व्हावे हे ठरविण्याचा अधिकार एका कंटाळलेल्या कारकुनाला नव्हता. निवृत्त झाल्यावर मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य समितीचे काम मी मागून घेतले, त्याचे कारण आज आपणांस समजले असेल.

आजची स्थिती निराळी आहे. खिडकी बहुतांशी गेली. २०१७-१८ पासून राज्यातील बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. पहिल्या वर्षी त्यात इतक्या अडचणी आल्या की पुन्हा कागदी अर्ज घेण्याची पाळी आली; पुढे घडी बसत गेली. योजनेप्रमाणे रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँकखात्यात किंवा महाविद्यालयाच्या खात्यात जमा होते. मध्यस्थ कमी झाले, ही चांगली गोष्ट आहे. मात्र पूर्वी कारकून फॉर्म परत करीत असे, तेव्हा निदान त्याचे तोंड तरी दिसे. आता पडद्यावर एक ओळ उमटते, अर्ज त्रुटीसाठी परत पाठविला आहे म्हणून, आणि ती ओळ मुलाने पाहिलीच नाही तर मुदत निघून जाते. आपल्या समितीकडे आलेल्या प्रकरणांत माझा अनुभव असा, की अपात्र ठरलेल्या मुलांपेक्षा परत आलेला अर्ज पुन्हा उघडून न पाहिलेली मुले अधिक. एका मुलाचे खाते आधारशी जोडलेले होते, पण ते गावच्या बँकेतील जुने खाते, ज्याचे पासबुक आजीच्या पेटीत पडले होते. पैसे आलेले होते आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

आपला समाज राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत असल्यामुळे आपल्या मुलांना काय मिळते, ते थोडक्यात सांगतो. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांत, सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या मुलाला शिक्षणशुल्काचा निम्मा भाग मिळतो. मुलींच्या बाबतीत जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय घेतला, की ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी निम्म्याऐवजी संपूर्ण शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क मिळावे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून तो अमलात आला. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे परस्पर संस्थेकडे जाऊन घेतलेल्या प्रवेशाला यांतले काही लागू नाही. हे वाक्य मी पुन्हा म्हणतो, कारण दरवर्षी दोन-तीन घरे येथेच फसतात : प्रवेशपरीक्षा आणि केंद्रीभूत फेरी यांच्या वाटेने न जाता कोणा दलालाच्या शब्दावर जागा घेतली, तर शिष्यवृत्ती विसरा. शिवाय वसतिगृह, खानावळ, अनामत रक्कम, पुस्तके हा खर्च शिक्षणशुल्कात धरलेला नसतो. परगावी राहणाऱ्या आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या इतर मागासवर्गीय मुलांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना निघाली आहे. तिच्यात संख्येची आणि उत्पन्नाची मर्यादा कडक आहे, पण गुणवान मुलाने तिचा अर्ज न भरणे म्हणजे ताटातले वाढलेले टाकून उठण्यासारखे आहे.

आता कागदपत्रांचा प्रश्न. हा विषय रूक्ष आहे, परंतु आपल्या मंडळाला खरोखर काही करता येण्यासारखे असेल तर ते येथेच, म्हणून थोडा वेळ घेतो.

प्रवेशाच्या वेळी राखीव जागेवर हक्क सांगणाऱ्या मुलाला जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आणि जातवैधता प्रमाणपत्र अशी तीन कागदपत्रे लागतात. फीच्या सवलतीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणखी निराळा. पुष्कळ पालक नॉन-क्रीमीलेअर म्हणजेच उत्पन्नाचा दाखला असे समजून एकावरच थांबतात. दोन्हींचे प्रयोजन वेगळे, मोजण्याची रीत वेगळी आणि मुदतही पाहावी लागते. परंतु सर्वांत अवघड ते जातवैधता. तिच्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकापूर्वीचा, वडिलांकडच्या रक्तनात्यातील माणसाच्या जातीचा पुरावा जिल्हा पडताळणी समिती मागते. १९६७ पूर्वी शाळेत गेलेला माणूस घरात असावा लागतो, त्याच्या शाळेचे रजिस्टर टिकलेले असावे लागते आणि त्यात जात नीट लिहिलेली असावी लागते.

आपल्या समाजाची यातील अडचण विशेष आहे. पोटासाठी आपली माणसे गावोगाव गेली. जिथे बाजार तिथे मशीन. आजोबा एका जिल्ह्यात जन्मले, दुसऱ्यात शिकले, तिसऱ्यात दुकान घातले. कोणा गुरुजींनी 'शिंपी' लिहिले, कोणी 'नामदेव शिंपी', कोणी नुसतेच 'हिंदू'. काहींनी शहरात आल्यावर आडनावच टेलर लावून घेतले. व्यवसायाचा अभिमान म्हणून मला ते आवडते. पण नातीच्या अर्जाच्या वेळी आजोबांचे आणि तिचे आडनाव जुळत नाही तेव्हा तो अभिमान महाग पडतो.

एका मुलीची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, कारण ती आज या सभेत बसली आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमाला तिला केंद्रीभूत फेरीतून जागा मिळाली. आजोबांच्या शाळेचे रजिस्टर वाळवीने खाल्ले होते. मुख्याध्यापकांनी तसे लिहून दिले, पण एवढ्याने काम भागेना. वैधतेची मुदत संपली असती तर राखीव जागा गेली असती आणि जागेबरोबर फीची सवलतही. तिचे वडील माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात चार कागद होते आणि चारही निरुपयोगी. मी विचारले, "आजोबांना भाऊ होते का?" होते, पण वाटणीच्या भांडणानंतर दोन्ही घरांत चाळीस वर्षे येणेजाणे नव्हते. चुलत आजोबा ज्या गावी शिकले तेथील रजिस्टर शाबूत असेल, असा माझा तर्क होता. गृहस्थ पुष्कळ कुचमले. शेवटी मी आणि ते बसने त्या गावी गेलो. चुलत घरच्या म्हाताऱ्या काकूंनी आम्हांला ओसरीवर बसविले, चहा दिला आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद आणून दिला. तो नुसता शाळेचा दाखला नव्हता, तर त्यांच्या नातवाला सहा वर्षांपूर्वी मिळालेले वैधता प्रमाणपत्र होते, आणि त्याबरोबर वंशावळ व शपथपत्र. वडिलांकडच्या रक्तनात्यातील माणसाचे वैधता प्रमाणपत्र हा सर्वांत बळकट पुरावा. सहा वर्षे तो त्या पिशवीत पडून होता आणि बारा कोसांवर त्यांचीच नात पुराव्यावाचून अडली होती. काकू एवढेच म्हणाल्या, "आधी यायचं होतंत."

यावरून समितीने एक योजना केली आहे. प्रत्येक सभासद कुटुंबाने आपली चार पिढ्यांची वंशावळ, मूळ गाव, वडीलधाऱ्या मंडळींच्या शाळांची नावे आणि घरात कोणाला वैधता मिळाली असल्यास तिची नोंद मंडळाच्या वहीत करावी. ही वही कोणालाही चाळायला दिली जाणार नाही. समितीचे दोन सभासदच ती पाहतील आणि ज्याची नोंद आहे त्याला विचारल्यावाचून कोणाचा कागद कोणाला दिला जाणार नाही. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी आपण वधूवरांच्या याद्या छापतो आणि त्यासाठी कुळांची माहिती मोठ्या हौसेने गोळा करतो. त्याच हौसेचा चौथा हिस्सा या वहीच्या वाट्याला यावा, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा. सरकारी रक्कम मिळते. परंतु ती सत्र सुरू झाल्यावर, कधी वर्ष संपत आल्यावर मिळते. प्रवेश मात्र थोड्याच दिवसांत निश्चित करावा लागतो. शासनाच्या सूचना काहीही असोत, कित्येक संस्था आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत करू, असे तोंडी सांगतात. समजा, एका मुलाची वर्षाची फी नव्वद हजार आहे आणि त्यातील चाळीस हजार सरकार देणार आहे. हे चाळीस हजार येईपर्यंत बाप काय करतो? मशीन गहाण टाकतो किंवा व्याजाने काढतो. आणि शिष्यवृत्ती हाती येते तेव्हा तिचा मोठा भाग व्याजात गेलेला असतो. अशा वेळी मंडळाने बिनव्याजी उचल द्यावी आणि शिष्यवृत्ती जमा होताच ती परत घ्यावी, असा निधी आम्ही सुचविला आहे. यात कोणाला देणगी द्यावयाची नाही. तेच पैसे पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाच्या कामी येतील. यंदा शाली, सन्मानचिन्हे आणि हार यांवर जो खर्च झाला, त्यात दोन मुलांची उचल निघाली असती. हे मी टीका म्हणून नव्हे, हिशेब म्हणून सांगतो. ज्यांना आज शाल मिळाली त्यांनी राग मानू नये. शालीचा आणि जुलै महिन्याचा तसाही फारसा मेळ नाही.

तिसरी गोष्ट बोलायला अप्रिय आहे, परंतु घरातल्या सभेत ती बोलली नाही तर कोठे बोलावी? आपल्यांतील काही घरांची पेठेत दुमजली दुकाने आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या अर्जाला जोडलेल्या दाखल्यावर जे उत्पन्न लिहिलेले असते ते वाचून मशीनवर काज करणारी बाईसुद्धा हसेल. मर्यादित जागांच्या योजनेत जेव्हा असा अर्ज पुढे जातो तेव्हा मागे राहणारा मुलगा बहुधा आपल्याच समाजाचा, किंवा आपल्याहून गरीब समाजाचा असतो. मी कोणाकडे बोट दाखवीत नाही. परंतु समितीने असा नियम केला आहे, की खोटा दाखला आहे असे दिसल्यास त्या अर्जाला मंडळाचे कोणी साहाय्य करणार नाही, मग तो अर्ज कार्यकारी मंडळाच्या सभासदाच्या घरचा का असेना. या ठरावावर बैठकीत बराच वाद झाला. ठराव एका मताने मंजूर झाला. ते एक मत कोणाचे, हे विचारू नये.

शेवटी मातापित्यांशी, विशेषतः मुलींच्या वडिलांशी दोन शब्द. आजवर मुलीला पुढे का शिकवीत नाही असे विचारले, की फी झेपत नाही हे उत्तर ठरलेले असे. ते पुष्कळ घरांत खरेही होते. आता व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी शासन भरू लागले. तरीही आमच्या समितीकडे मुलींचे अर्ज मुलांच्या निम्मेही आलेले नाहीत. मी चार घरी स्वतः जाऊन आलो. एका घरी सांगितले, शहरात एकटी कशी ठेवायची. दुसऱ्या घरी सांगितले, एवढी शिकली तर जोडीचा मुलगा समाजात कुठे मिळणार. तिसऱ्या घरी चहा मिळाला, उत्तर मिळाले नाही. चौथ्या घरी मुलगी दारामागून ऐकत होती. मी निघताना ती जिन्यापर्यंत आली आणि फॉर्मची शेवटची तारीख विचारली. मी तारीख सांगितली आणि समितीच्या फोनचा क्रमांक तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला. तिचे वडीलही या सभेला आले आहेत. तो फोन मी रात्री दहापर्यंत उचलतो.

वंशावळीची वही आणि उचल-निधीच्या अर्जाचे कागद बाहेर व्हरांड्यात, पादत्राणांच्या घडवंचीशेजारच्या टेबलावर ठेवले आहेत. भोजनाची पंगत अजून अर्ध्या तासाने आहे. ज्यांच्या घरी वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असेल त्यांनी आज नुसते गावाचे आणि शाळेचे नाव सांगितले तरी चालेल; रजिस्टर शोधायला मी जाईन.